भैरव लेथची कव्हरं

रघुजी अण्णा,

तुमच्यावर लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर दाभण खाली न ठेवताच म्हणाला असता, "शिंप्यावर काय लिहायचं ग? त्यापेक्षा अभ्यास कर." अभ्यास केव्हाच संपला. पन्नासहून जास्त वर्षं टाळाटाळ झाली, ती आता पुरे. फक्त तुमच्या तोंडावर 'तुम्ही, तुम्ही' म्हणत ही हकिगत सांगणं मला जमायचं नाही. तेव्हा इथून पुढे तुम्ही रघुजी, आणि तुमच्या वरच्या माडीवर राहणारी ती कॉलेजातली शहाणी पोरगी, म्हणजे मी, प्रमोदिनी. तिला मी पाठीशी घालणार नाही.

नगरथपेठेच्या एका बोळात रघुजी अंबोरे यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक खिडकी, एक चौरंग आणि एक जाड कापड शिवायचं मशिन. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर तंबू शिवत शिवत बेंगळूरला आले, असं ते सांगत. फौजा गेल्या, तंबू गेले, घराण्याकडे कॅनव्हास तेवढा राहिला. शर्ट आणि झंपर शिवणाऱ्या भाऊबंदांना ते हसत. "ती शिलाई धुतली की उसवते. माझी बघा, ओढून!"

सन छप्पन्नमध्ये यशवंतपूरच्या पलीकडे भैरव लेथ वर्क्स निघाली. सुतारानं लाकूड कातावं तसं लोखंड कातणारी यंत्रं ती बनवायची. त्या यंत्रांना झाकायची कॅनव्हासची कव्हरं शिवायचं काम रघुजींना मिळालं, आणि कामाबरोबर शेअरचा एक फॉर्मही. दहा रुपयांचा एक, असे पन्नास शेअर त्यांनी घेतले. पहिल्या वर्षी सहा टक्के डिव्हिडंड आला. दुसऱ्या वर्षी सात, मग आठ. त्याचा वॉरंट, म्हणजे चेकसारखा कागद, आला की रघुजी तो आधी देवापुढे ठेवत, मग बँकेत नेत.

"एकदम वाढतं त्याच्यावर माझा विश्वास नाही," ते सांगत. "दरवर्षी थोडं थोडं वाढतं, आणि एकही वर्ष चुकत नाही, ती कंपनी खरी."

कंपनीचा वार्षिक अहवाल इंग्रजीत असायचा, तो वाचून दाखवायचं काम प्रमोदिनीचं. शाळेत असताना ती नुसती वाचायची. अर्थशास्त्र घेऊन बी.ए.ला बसली आणि शिकवायला लागली.

"अण्णा, नुसता डिव्हिडंड बघून काय उपयोग? कंपनीनं शंभर रुपये कमावले, तर त्यातले वाटले किती ते बघा. पूर्वी चाळीस वाटायची. मग साठ झाले. आता पंच्याऐंशी! डिव्हिडंड वाढतोय, पण कमाई तेवढी वाढत नाही. आणि हे बघा, तयार पडून असलेला माल. दोन वर्षांत तिप्पट."

"माल वाढला म्हणजे कंपनी वाढली."

"न विकलेला माल, अण्णा!"

"तू कागद बघतेस, मी कापड बघतो," रघुजी म्हणाले. "अठ्ठावन्न साली बावीस कव्हरं मागवली. बासष्टला चाळीस. गेल्या वर्षी सत्तर. सत्तर कव्हरं म्हणजे सत्तर यंत्रं बाहेर पडली. हे तुझ्या पुस्तकात आहे का?"

प्रमोदिनीनं अहवाल मिटून ठेवला. खरं तर चूक तिथेच होती, आणि ती शिंप्यालाच होण्यासारखी होती. माणसं कपडे शिवून घेतात ती कुठे तरी जायचं म्हणून, लग्नाला, सणाला, परगावी. कपडा शिवला म्हणजे कोणी तरी निघालं, हे रघुजींच्या रक्तातच होतं. यंत्राचा कपडा कशासाठी, हे त्यांनी दहा वर्षांत कोणाला विचारलं नाही.

पासष्ट सालच्या शेवटी त्यांच्या डोळ्यांत जाळं यायला लागलं. दाभणात दोरा त्यांच्या पत्नी विठाबाई ओवून देऊ लागल्या. साठी उलटलेली, पोरबाळ नाही, आणि हात थांबले की चूल थांबणार. नेमका तेव्हाच कंपनीचा कागद आला. जुन्या भागधारकांना नवे शेअर दर्शनी किमतीला मिळणार, मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. रघुजींनी हिशेब मांडला. साठवलेलं सगळं आणि विठाबाईंच्या पाटल्या घातल्या तर तीनशे शेअर येत होते. गेल्या वर्षीच्या बारा टक्क्यांनी दोघांचा भात आणि खोलीचं भाडं सुटत होतं. दाभण कायमचं खाली ठेवता येत होतं.

"इतके दिवस यंत्रांना झगे शिवलेत," विठाबाई म्हणाल्या. "आता दागिने पण घाला!"

"अग, परत येतील पाटल्या."

"लोखंडानं कधी सोनं परत दिलंय?" पण रोज सकाळी त्या त्यांच्या डोळ्यांकडे बघायच्या आणि दोरा ओवायला घ्यायच्या.

फेब्रुवारीत कंपनीच्या स्टोअरमधला कारकून कल्लाप्पा सायकलवरून ऑर्डर घेऊन आला. बेळगावकडचा माणूस, चहा घेतल्याशिवाय कधी हलायचा नाही.

"या खेपेला नव्वद, अण्णा. कॅनव्हास दुहेरी घाला. मेण दोनदा चढवा. आणि काठाला पितळी कड्या पाहिजेत बघा, खालनं दोरीनं गच्च आवळता आलं पाहिजे. पाण्याचा थेंब आत जायला नको."

रघुजी खूश झाले. "एवढं आवळून कुठं पाठवताय? अंदमानला?"

"पाठवतोय कुठं?" कल्लाप्पा हसला. "पाठवायचं यंत्र लाकडी पेटीत बंद होऊन जातंय की. त्याला कव्हर कशाला?"

बोलून गेल्यावर त्याचं हसू गेलं. बशीत ओतलेला चहा त्यानं तसाच ठेवला. "येतो अण्णा, स्वल्प घाई आहे," म्हणत सायकलला टांग मारून तो बोळाबाहेर पडलासुद्धा.

रघुजी चौरंगावर बसून राहिले. बावीस, चाळीस, सत्तर, नव्वद. आपण शिवलेलं एकही कापड गावाबाहेर गेलं नसेल, न विकलेल्या यंत्रांवरच पडून असेल तर? मेणाचा वास त्यांच्या उभ्या जन्माचा सोबती, पण त्या दिवशी त्यांना तो सहन होईना. त्यांनी कापडाचे गठ्ठे खिडकीबाहेर ठेवले.

मंगळवारी सकाळी कॉलेजला निघालेल्या प्रमोदिनीला त्यांनी जिन्यातच अडवलं.

"उद्या मल्लेश्वरमला मैत्रिणीकडे जाणार ना?"

"दर बुधवारी जाते, अण्णा. परीक्षा आलीय."

"मग दोन स्टॉप पुढं जा. रेल्वेचं फाटक लागेल. शेजारच्या उंचवट्यावर उभं राहिलं की कारखान्याचं मागचं आवार दिसतं. उघड्यावर माझी कव्हरं घातलेली यंत्रं किती आहेत, मोजून ये. वीस-पंचवीस असली तर सरी, काही हरकत नाही, कुठल्याही कारखान्यात असतातच. शंभराच्या वर असली तर तो फॉर्म फाडून टाकू."

"तुम्हीच जा की."

"मला फाटक दिसेल ग. त्याच्या पुढचं दिसायचं नाही."

ती जाते म्हणाली. न जायला काही कारण नव्हतं. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, बसला दोन आणे जादा पडले असते. पण त्या बुधवारी मैत्रिणीच्या आईनं बोंडे तळले, गप्पा लांबल्या, आणि घरी परतायची वेळ झाली. उद्या येऊ, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरते तोच खालून हाक आली.

"मोजलीस?"

तिला उशीर होत होता, आणि नाही म्हटलं असतं तर म्हाताऱ्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं असतं.

"मोजली. तीसेक असतील."

"तीस? नक्की?"

"सांगितलं ना, अण्णा!"

रघुजींनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. आत वळून ते म्हणाले, "ऐकलंस का ग? तीसच आहेत. बरं का, तीसच!" शुक्रवारी विठाबाईंनी साबण लावून पाटल्या उतरवल्या. सोमवारी फॉर्म गेला, आणि त्यावर इंग्रजी अक्षर प्रमोदिनीचंच होतं. पंच्याऐंशीचा आकडा तिला पाठ होता. तरीही तिनं रकाने सुवाच्य भरले.

सप्टेंबरात डिव्हिडंड आला, तेरा टक्के. रघुजींनी बोळात म्हैसूरपाक वाटला. महिनाभरात आणखी सव्वाशे कव्हरांची ऑर्डर आली, तीही मागच्या दारानं पोचवायची. ती त्यांनी हाताच्या अंदाजानं शिवली. तिचे पैसे आलेच नाहीत. सदुसष्टच्या उन्हाळ्यात कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. कल्लाप्पा गावी निघून गेला आणि शेअरचे कागद विठाबाईंनी तांदळाच्या डब्याखाली ठेवले. रघुजींनी दाभण पुन्हा हातात घेतलं. आता ते शाळेच्या पोरांची दप्तरं शिवत. बोटं टोचून घेत, पण तक्रार करत नसत. दोरा ओवताना विठाबाईंचे मोकळे हात दिसायचे, म्हणून प्रमोदिनी जिना भराभर उतरायची.

पावसाळ्यात एका सकाळी त्यांनी तिला हाक मारली. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता.

"प्रमोदिनी, बुधवारची मल्लेश्वरमला जातेस का अजून?"

"जाते, अण्णा."

"मग रेल्वेच्या फाटकापर्यंत जाऊन ये एकदा. लिलाव व्हायचाय अजून, आवार तसंच आहे म्हणतात. खरंच मोजून ये." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "आता काही घाई नाही."

"सरी, अण्णा," ती म्हणाली.

बुधवारी ती बसमध्ये बसली. फाटकापर्यंतचं तिकीटही काढलं. कंडक्टरनं मल्लेश्वरमची हाळी दिली आणि ती उतरली. त्याच्या पुढच्या बुधवारीही ती तिथेच उतरली.