निरीक्षकाच्या अटी

परदेशात, सेंगकांगला आमच्या ब्लॉकमधले एक शेजारी, दुसऱ्या देशांत निवडणुका पाहायला जाणाऱ्या पथकांच्या अटी लिहायचे. लिफ्टमध्येसुद्धा "येऊ का?" विचारून शिरायचे. पन्नाशीतली मी तेव्हा मराठी मंडळाची कायमची बिनविरोध अध्यक्ष! मिरवायला म्हणून मंडळाच्या निवडणुकीला त्यांना निरीक्षक नेमलं.

"वहिनी, मी मध्ये बोलणार नाही, तुमचं काही खाणार नाही. अहवाल मात्र तुम्हीच सर्वांसमोर वाचायचा."

"एवढंच ना?" मी ऐटीत सही ठोकली.

निवडणुकीच्या सभेत जेवणातल्या श्रीखंडाला न शिवता ते मागे बसून राहिले. त्यांचा एका ओळीचा अहवाल मी खणखणीत वाचला: "टाळ्या आधी वाजल्या, नाव नंतर पुकारलं."

हशा पिकला, लोकांनी मतदान मागितलं आणि मी पडले.

पुढच्या वर्षी नव्या अध्यक्षबाईंविरुद्ध उभी राहिले, तेव्हा "निरीक्षक हवाच!" म्हणून सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडत होते.