छोटीचं म्हणणं

छोटीची चाळिशी केव्हाच उलटली होती, कानामागे पांढरं डोकावत होतं, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ती छोटीच राहिली. गल्लीत मात्र तिला छोटी म्हणायची कुणाची छाती नव्हती. कोपऱ्यावर तिची लाँड्री होती. तिची खळ आणि तिची जीभ, दोन्ही सारखीच कडक, असं गिऱ्हाइकं हसत म्हणायची आणि पुन्हा तिच्याचकडे यायची.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. तिथे छोटी आणि तिची आई राहायची. आईला ती 'ताई' म्हणे. नवख्याला वाटायचं, थोरली बहीण असेल. बहीण कसली, जन्मदातीच ती. पण छोटी ज्या वसाहतीत वाढली तिथे 'आई' हा शब्द चालत नसे.

त्या वसाहतीच्या गुरूंना सगळे 'मोठे' म्हणत. त्यांचं पाळण्यातलं नाव कुणी घेतच नसे. मोठे म्हणाले, मोठ्यांना विचारा, मोठ्यांना आवडणार नाही, यावर सगळा कारभार. माणसं घरंदारं सोडून तिथे आली होती. एकत्र राबायचं, एकत्र प्रार्थना करायची, माझं-तुझं म्हणायचं नाही. माझं-तुझं नाही यात पोरंही आली. मूल चालायला लागलं की त्याची रवानगी बालघरात. तिथे सगळ्या बायका ताई, सगळे पुरुष दादा, आणि मायबाप एकटे मोठे. छोटीची आई वसाहतीच्या धुलाईघरात होती. बालघर आणि धुलाईघर यांच्यामध्ये एक अंगण, अंगणात दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी. चादरीखालून दिसणाऱ्या पावलांवरून छोटी आपली आई ओळखायची. जवळ जायची परवानगी नव्हती.

सज्ञान झाल्याबरोबर छोटी तिथून निघाली ती पायात चपला आणि अंगात रग एवढंच घेऊन. वसाहत मोडली तेव्हा आई तिच्या दारात येऊन उभी राहिली. छोटीने काही विचारलं नाही, वरच्या खोलीत दुसरी खाट टाकली.

आणि आता मोठे वारले होते.

तेवढ्यावर भागलं असतं, पण बाजाराशेजारचं सभागृह वसाहतीच्या लोकांनी स्वतः विटा वाहून बांधलं होतं, आणि नगरपालिकेत कुणीतरी ठराव आणला की त्याला मोठ्यांचं नाव द्यावं. पालिकेने लोकांचं मत ऐकायला सभा ठेवली. झालं! वसाहतीतून बाहेर पडलेली माणसं, जी एरवी रस्त्यात एकमेकांना टाळायची, ती एकमेकांना फोन करू लागली. सगळ्यांनी मिळून एकच म्हणणं मांडायचं ठरलं. बसायला जागा हवी, तर छोटीच्या दुकानात कपड्यांचं लांबलचक टेबल आहे आणि सुट्टीच्या दिवशी शटर बंद असतं. छोटीने हो म्हटलं. हॉटेलच्या टेबलक्लॉथची मोठी ऑर्डर अंगावर होती, म्हणून टेबलाचं एक टोक तिने इस्त्रीसाठी राखून ठेवलं.

आठ-दहा जण आले, पण बोलणारे दोघेच. एक ड्रायव्हर, जो वसाहतीची बस चालवायचा आणि आता शहराची चालवतो. दुसरे मास्तर, जे वसाहतीत पोरांना गणित शिकवायचे आणि बाहेर पडल्यापासून मोठ्यांचं नाव निघालं की ज्यांचा रक्तदाब चढतो.

"मी गटारात पडलेला असायचो," ड्रायव्हर म्हणाला. "शुद्धीवर आलो की पुन्हा प्यायचो. मोठ्यांनी मला उचललं, न्हाऊ घातलं, शेजारी बसवून जेवू घातलं. आज माझ्या बायकोला नवरा आहे तो त्यांच्यामुळे. नाव द्यायलाच पाहिजे."

"एका बाटलीतून काढून त्यांनी तुला दुसऱ्या बाटलीत घातलं," मास्तर कडाडले. "फरक एवढाच की दुसरीचं बूच ते स्वतः लावायचे! नाव? अरे, त्यांचा फोटोसुद्धा गावात कुठे राहता कामा नये."

"खाल्ल्या घरचे वासे मोजू नका, मास्तर."

"खाल्लं? मी बारा महिने त्यांच्या शेतात राबलो, तेव्हा खाल्लं!"

छोटीची आई जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि आवाज थोडा खाली आणला.

दुपार अशीच गेली. ड्रायव्हर म्हणे मोठ्यांनी काढलेला दवाखाना बघा, मास्तर म्हणे त्या दवाखान्यात औषध देऊ दिलं का ते बघा. शेवटी दोघेही दमले आणि माणसं दमली की जो तोडगा निघतो तो निघाला. मास्तरांनी सगळ्यांच्या वतीने बोलायचं : मोठ्यांनी काही चांगलं केलं, काही चुका केल्या, निर्णय पालिकेने घ्यावा.

छोटीने इस्त्री उभी केली. "आणि बालघर?"

एकाने बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला.

"ते 'काही चुका' यात आलंच की," मास्तर म्हणाले. "आता ते उकरून काढलं तर विषय भरकटेल, छोटे."

"तुम्ही सगळे आपल्या पायांनी तिथे गेलात," छोटी म्हणाली. "पटलं तेव्हा राहिलात, नाही पटलं तेव्हा निघालात. आता बसून हिशोब मांडताय, चांगलं किती, वाईट किती. मांडा. पण आम्ही तिथे कुणाच्या पायांनी गेलो? या टेबलाभोवती बालघरातलं मी सोडून एकही माणूस नाही. मलासुद्धा तुम्ही टेबल माझं आहे म्हणून बोलावलंत."

ड्रायव्हर खाली बघत होता. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

"मी माझं वेगळं बोलणार," छोटी म्हणाली आणि पुढचा टेबलक्लॉथ ओढला. तिने एकदा म्हटलं की दगडावरची रेघ, हे सगळ्यांना माहीत होतं. चहा न संपवताच मंडळी पांगली.

मग उरल्या दोघी. चादरींचा ढीग पडला होता आणि मोठ्या चादरीची एकटीने नीट घडी होत नाही. आईने उठून दुसरी दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, झटकली, एकमेकींकडे चालत आल्या, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेल्या. हे काम त्या इतक्या वर्षांत न बोलता करायच्या. आज आई बोलली.

"तू बोललीस तर माझ्याकडे काय उरेल?"

"म्हणजे?"

"मी तिथे सुखात होते गं. खरंच होते. सकाळची प्रार्थना झाली की वाटायचं, जगात आपल्याएवढं हलकं कुणी नसेल. तू चारचौघांत उभी राहून सांगणार की ते सगळं नासकं होतं. मग मी इतकी वर्षं काय केलं?"

छोटीने घडी ढिगावर ठेवली. तिच्या मनात एक गोष्ट कायमची रुतून बसली होती. ती तिने कधी बाहेर काढली नव्हती. आज काढली.

"ताई, मला मोठा ताप आला होता तेव्हाचं आठवतं? त्यानंतर तू अंगणात येईनाशी झालीस. मी रोज खिडकीशी बसायचे. चादरी दिसायच्या, पण पाय दुसऱ्याच कुणाचे असायचे. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला."

आईने पुढची चादर उचलली. टोकं सापडायला तिला वेळ लागला.

"मी आत आले होते," ती म्हणाली. "त्या तापात. तू हाका मारत होतीस ते धुलाईघरात ऐकू येत होतं. मी हातातलं टाकून धावले. तुझ्या कपाळावर ओला फडका ठेवला, तू झोपलीस. तुला कळलंही नसेल. मोठ्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, तुझं प्रेम स्वार्थी आहे. आणि मला डोंगरापलीकडच्या शेतावर पाठवलं. पुढच्या पेरणीपर्यंत."

छोटीच्या हातातून चादर सुटली.

"आणि अजून तू त्यांच्या बाजूने बोलतेस?"

"तेव्हा मला वाटलं, चूक माझीच. नियम सगळ्यांना सारखा." आई वाकली, पडलेली टोकं उचलून तिने लेकीच्या हातात दिली. "धर. मळेल."

छोटीला रडूही आलं आणि रागही आला, आणि दोन्हींत कुणाला आधी वाट द्यावी ते कळेना. ती एवढंच म्हणाली, "हे मी सभेत सांगते, ताई. हे ऐकल्यावर कुणाचं तोंड उघडणार नाही."

"नाही." आईचा आवाज एकदम ताठ झाला, लेकीने ताठपणा कुणाकडून घेतला ते त्या क्षणी दिसलं. "ते माझं आहे. माझं मी ठेवीन नाहीतर टाकीन. तू तुझं बोल."

सभेच्या सकाळी छोटीने दुकान बंद ठेवलं. सभागृह भरलं होतं. आईही आली, पण लेकीशेजारी बसली नाही. ड्रायव्हरच्या रांगेत जाऊन बसली. मास्तर ठरल्याप्रमाणे बोलले, काही चांगलं, काही चुका, आणि अर्ध्यातच त्यांचा तोल गेला आणि ते चुकांवरच घसरले. लोक हसले.

मग छोटी उभी राहिली. तिने भाषण पाठ केलं नव्हतं. ती म्हणाली, या भिंतींच्या विटा आमच्या आईबापांनी वाहिल्या, ते खरं आहे. त्या वेळी आम्ही पोरं बालघरात होतो. आजारी पडलो तर आईला हाक मारायची बंदी होती. मारली तर सांगायचे, इथे कुणी आई नाही. ज्या इमारतीवर हे नाव लागेल तिच्यासमोरून मला रोज कपडे पोचवायला जायचंय. मला ते नाव नको. आणि नाव द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी बालघरातल्या माणसांना शोधा, त्यांना विचारा. आम्ही आता मोठी माणसं आहोत, आम्हाला बोलता येतं.

"खोटं आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "पोरं मजेत होती. हिला कुणी शिकवून पाठवलंय!"

गलका झाला. छोटीने आईकडे बघितलं. एक वाक्य, आईच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तर गलका जागच्या जागी थांबला असता. आई मांडीवर हात ठेवून बसून राहिली. छोटीने नजर काढून घेतली. ते आईचं होतं, आपण सांगायचं नव्हतं.

उभा राहिला ड्रायव्हर.

"मी मोठ्यांच्या बाजूचा माणूस आहे," तो म्हणाला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती, तो समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होता. "नाव द्या असंच मी म्हणायला आलो. पण बालघरातली पोरं बसने नदीवर जायची, बस मी चालवायचो. येताना धुलाईघराजवळ बस वळली की पोरं सगळी एका खिडकीशी गोळा व्हायची. मागे बघायला आरसा असतो. मी बघायचो." तो थांबला. "ती खोटं बोलत नाही. नाव द्या नाहीतर नका देऊ. तिला खोटी म्हणायचं नाही."

तो बसला. मागचा माणूस पुन्हा ओरडला नाही.

पालिकेने ठराव बाजूला ठेवला. सभागृहाचं नाव बाजार सभागृहच राहिलं. बालघरातल्या माणसांना बोलावून ऐकू, असं अध्यक्ष म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे, गटारांकडे वळले. मास्तर नाराज, कारण नाव कायमचं नाकारणारा ठराव झाला नाही. ड्रायव्हरचे जुने सोबती त्याच्याशी बोलेनासे झाले. छोटी आईला घेऊन पायीच निघाली. वाटेत आई म्हणाली, "आवाज खाली होता तुझा. मागच्या रांगेपर्यंत पोचला नसेल."

"पुढच्या वेळी चढवते."

"चढव."

अध्यक्षांनी काही कुणाला बोलावलं नाही. छोटीने वाट पाहणं सोडून दिलं आणि स्वतः शोधायला लागली. एकीचा पत्ता ड्रायव्हरने दिला, तिने दुसऱ्याचा दिला, असं करत करत सुट्टीच्या दिवशी पुन्हा त्या टेबलाभोवती माणसं जमली. या वेळी सगळी बालघरातली. पांढऱ्या केसांची, पोट सुटलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं. छोटीला वाटलं होतं, आता सगळे एका सुरात बोलतील.

पहिला बोलला तो नळजोडणीची कामं करणारा एक उंच माणूस. "आधीच सांगतो," तो म्हणाला, "मला मोठे आवडायचे. ते मला खांद्यावर घेऊन फिरायचे. माझ्या आईने मला तसं कधी घेतलं नाही. तुम्हाला हे ऐकायचं नसेल तर मी जातो."

खोलीत चुळबुळ झाली. कुणीतरी खुर्ची मागे सारली. छोटीच्या अंगातून एक तिडीक गेली, अगदी तळपायापासून. तिने टेबलाची कड धरली आणि तिडीक जाऊ दिली.

"बस," ती म्हणाली. "ऐकायचंय. पहिल्यापासून सांग."