कुंदाताईंचे किस्से

नागपुरात, प्रताप नगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात चार जण चहाला बसले, की कुंदाताईंचा विषय निघतोच. तीस वर्षं त्या मुलांच्या हक्कांसाठी भांडल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी किस्से वाढतच आहेत. मी त्यांची असिस्टंट होते. हे माझ्या वाट्याचे.

*

एकदा बालदिनाला पाहुणे मांडवात आणि मुलं उन्हात, हातात गुलाब घेऊन उभी. ताई मुलांतच जाऊन उभ्या राहिल्या. आयोजक धावत आले, "मॅडम, वर या, तुमची खुर्ची रिकामी आहे."

"मग ह्या पोरीले बसवा. तिले चक्कर येऊन राहिली."

*

काटोलजवळ पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न थांबवायला गेलो. नवऱ्याची आई ताईंच्या अंगावरच आली. ताईंनी शांतपणे विचारलं, "तुमचं लग्न झालं तवा तुम्ही किती वर्षांच्या होत्या?"

"चौदा."

मग बाईने स्वतःच्या हाताने नवरीच्या मुंडावळ्या सोडल्या आणि म्हणाली, "तवा तुम्ही कुठी होत्या वं बाई?"



*

सहा वर्षांची सोनू दूरच्या एका स्टेशनवर सापडली. बोली ऐकून तिला नागपूरच्या बालगृहात पाठवलं. तीन महिने सगळे तिला गावाचं नाव विचारत होते आणि तिला ते सांगता येत नव्हतं. ताईंनी वेगळंच विचारलं, "तुही माय दिवसभर काय करते वं?"

सोनूने हवेत हात मागेपुढे केले. "खटक-खटक."

"हातमाग," ताई म्हणाल्या. "खाप्याले घरोघरी माग आहेत. चाल, तिथी जाऊन पाहू."

रविवारी आम्ही तिला घेऊन गेलो. तिसऱ्या गल्लीत सोनू माझा हात सोडून पळाली आणि एका दारापुढे थांबली. दाराला कुलूप होतं.

शेजारीण तिला पाहून रडायलाच लागली. "तिची माय दर रविवारी नागपूरले जाते. पोरगी तिथल्या स्टेशनावरच हरवली ना, तिथीच धुंडत राहते."

आम्ही ओट्यावर बसून राहिलो. संध्याकाळच्या बसने आई आली. गल्लीत वळली, सोनूला पाहिलं आणि तिथेच खाली बसली.

सोनू तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इतका उशीर काहून केला वं, माय?"