डाग दिलेला खांदा

त्या साली माझ्याकडं एकच बैल होता, तांबडा. आमच्या कातळावरच्या वाडीत कुणाकडंच जोडी नव्हती. एक बैल आपला, एक शेजारच्याचा, असं जोत जुळवायचं. दोन दिवस त्याच्या शेतात, दोन दिवस आपल्या. माझा तांबडा शेजारच्या चुलत दिरांच्या पांढऱ्याबरोबर चालायचा. घरवाला मुंबईला गोदीत, घरात मी नि दोन पोरी. आमचं वर्षाचं भात त्या बैलाच्या खांद्यावर.

वैशाखात भावोजींनी खाणीतले चिरे वाहायला गाडी जुंपली. तांबड्याचा खांदा सुजला, नारळाएवढा. मला दिसत होतं. तरी पुढचे दोन दिवस मी तांबडा दिला, जुवाखाली गोणपाट घातलं नि दिला. पाळी त्यांची होती. नाय म्हटलं असतं तर पेरणीला पांढरा मिळाला नसता. हे मी नंतर कोर्टातपण सांगितलं.

मग डाग दिला. माझा बाप द्यायचा, त्याच्याकडून शिकले होते. कोयता चुलीत लाल करायचा, सुजेवर फुली मारायची, वर हळद नि खोबरेल. वाडीतली माणसं आपली गुरं माझ्याकडंच आणायची, हात हलका म्हणून. पण या खेपेला डाग चिघळला. माश्या बसायला लागल्या. चौथ्या दिवशी वास यायला लागला तशी मी दावं धरून चिपळूणला निघाले, गुरांच्या दवाखान्यात. सकाळी निघालेली दुपारी पोचले. दर दहा पावलांवर तो थांबायचा.

डॉक्टर बाहेर गेले होते. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, धोतर, टोपी, शाळेतल्या मास्तरासारखे. त्यांनी उठून खांदा बघितला, नाकाला रुमालपण लावला नाय. मला बरं वाटलं.

"डाग कोणी दिला?"

"मीच. सगळ्या वाडीची गुरं मीच डागते."

कधीपासून, किती गुरांना, डागायच्या आधी जुंपला होता काय, सगळं त्यांनी विचारलं. मला वाटलं, डॉक्टरांना सांगायला विचारतायत. म्हणून मी काय लपवलं नाय, उलट वाढवूनच सांगितलं. ते वहीत लिहीत होते. लिहून झालं नि त्यांनी चौकीवरचा पोलीस बोलावला. तेव्हा कळलं. जनावरांना छळणाऱ्यांवर खटले भरणारी एक संस्था होती, लोकांच्या वर्गणीवर चालायची, त्यातले ते. पगार नाय काय नाय, पण कायदा तोंडपाठ, नि पोलीस त्यांचं ऐकायचा. मला नावापुरतं लिहायला येतं. दाखवलं तिथं लिहिलं. खटल्याचा निकाल लागेपर्यंत बैल संस्थेच्या पांजरपोळात राहणार होता.

मी त्या मास्तरांच्या पाया पडले. मिरग तोंडावर आलाय, जोत मोडेल, पोरी खातील काय, सगळं बोलले. ते मागं सरले.

"बाई, तुम्ही वाईट नाही, ते मला दिसतंय. पण हा बैलही मला दिसतोय."

घरी आले तर भावोजी अंगणात उभे. "बैल घेऊन गेलात वहिनी, नि दावं घेऊन आलात," म्हणाले. आठ दिवसांत त्यांनी वरच्या वाडीतल्या बैलाशी जोत जुळवलं. त्यांना तरी काय बोलायचं, त्यांच्या घरात आठ तोंडं.

मी नि पोरींनी कुदळीनं खणून रोप टाकलं. धाकटीच्या हाताला फोड आले, ती चिंध्या बांधून खणायची. दर आठवड्याला मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन पांजरपोळात जायचे. तिथं गवत होतं, तरी न्यायचे. तिथली माणसं रोज सकाळी त्याचा खांदा औषधाच्या पाण्यानं धुवायची. प्रत्येक खेपेला जखम आणखी भरलेली दिसायची. मी इतकी गुरं डागली, त्यांतली किती अशीच सडली असतील, हे येताना मनात यायचं. मग गाडीरस्त्यावर बसून राहायचे जरा.

आषाढात तारीख लागली. गुन्हा कबूल हाय काय, विचारलं. म्हटलं, हाय. कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. बसले बाकड्यावर. मास्तरपण बसले, त्यांना शिक्षा नव्हती. दुपारी डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी पुढं केली. मी मान फिरवली. मग भूक लागली तशी घेतली.

बैल मिळाला. पण कागदावर परत सही, पुन्हा डाग द्यायचा नाय, नि दिवाळीपर्यंत त्याच्यावर जू ठेवायचं नाय. घरी रोप लावणीला आलेलं नि चिखल करायला जोत नाय. दारात बैल बांधलेला असून आम्ही कुदळीनं चिखल करत होतो.

तिसऱ्या दिवशी भावोजी पांढऱ्याला घेऊन बांधावर आले. वरच्या वाडीवाल्यानं आपला बैल परत नेला होता, त्यांचंही अर्धं शेत राहिलेलं. म्हणाले, "वहिनी, एकच दिवस. तुमची खाचरं आधी करू. इथं कातळावर कोण बघायला येतंय?"

रोप पिवळं पडायला लागलं होतं. पोरी हातातलं काम टाकून माझ्याकडं बघत राहिल्या. मी गोठ्यात गेले नि तांबड्याला सोडून आणला. हो, आणला. भावोजींनी जू उचललं, तसा तांबड्यानं आपणहून मान खाली घातली, सवयीनं. खांद्यावर नवी कातडी होती, केस नसलेली, तान्ह्या पोराच्या टाळूसारखी. मी तिथं हात ठेवला तर ती थरथरली.

"नाय भावोजी," म्हटलं.

"सहीला घाबरलात?"

मी दावं धरून त्याला गोठ्यात नेऊन बांधला.

माझी तीन खाचरं. कुदळीनं एकच लावून झालं. बाकीच्या दोहोंत गवत माजलं, ते कापून मी तांबड्याला घातलं. एका खाचराचं भात दिवाळीला घरात आलं नि शिमग्याच्या आत संपलं. तिथून पुढं पाऊस येईतो आम्ही तिघी नाचणीच्या आंबिलीवर राहिलो.