घर बायकांच्या नावावर

माधुरीच्या खानावळीत कुणी भाजीत मीठ कमी म्हणालं, तर ती मिठाची बरणीच त्याच्यापुढे आदळते. दुसऱ्या दिवशी मात्र भाजी बरोबर असते. बिरवाडीत तिन्ही पाळ्यांचे कामगार तिच्याकडे जेवतात ते उगीच नाही.

खानावळीसमोरच्या मोकळ्या जागेत खाली दुकानं, वर फ्लॅट अशी इमारत होणार म्हटल्यावर सगळ्यांत आधी हरखली ती माधुरीच. पुराच्या वर्षी तिचं घर पाण्यात गेलं होतं. चिखलानं भरलेले डबे धुताना तिनं नवऱ्याला, सुनीलला, बजावलं होतं, "आता घर घ्यायचं तर वरचं." सुनीलनं दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बुक केला, तोही तिच्या नावावर. प्रेमानं नव्हे. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सूट मिळते, हे सुनीलच्या कंपनीत एकाला कळलं आणि सगळ्यांना कळलं. जो तो बायकोचं नाव घालून आला.

मग एक दिवस रस्त्याकडेच्या रायवळ आंब्यांवर आणि टोकाच्या फणसावर लाल फुल्या उमटल्या. त्या सावलीत कामगार बसची वाट बघायचे. डोंगरावरच्या वाडीतून येणारी सगुणाबाई तिथंच रानभाजीची टोपली मांडायची. ती माधुरीच्या माहेरची, नात्यानं काकी.

"फुल्या कसल्या गो?"

"तोडणार हायत काकी. दुकानांपुढं गाड्या लावायला."

"आनि मी कुठं बसू? तुझ्या गॅलरीत?"

माधुरी हसली, पण घास काही गोड लागेना. तिनं बिल्डरच्या इंजिनीयरला, निषादला, गाठलं. दुकानं जरा मागं घ्या म्हणाली.

"वहिनी, गाळे कमी होतात. शेठ ऐकायचे नाहीत."

ग्रामसभेत ती बोलायला उठली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "फ्लॅट पण पाहिजे आणि झाडं पण!" ते खरंच होतं. ती खाली बसली. घरी सुनीलनं आणखी मीठ चोळलं, "झाडं हवीत तर वाडीवर जाऊन राहा. तिथं रग्गड आहेत."

वाट सापडली ती भाकऱ्या थापताना. मदतीला येणाऱ्या सारिकानंही फ्लॅट घेतला होता. माधुरीनं विचारलं, "तुझा फ्लॅट कुणाच्या नावावर गो?"

"माझ्याच की."

"मग सही कुणाची लागणार?"

सारिकाचे हात परातीतच थांबले. दोघी खदखदून हसल्या. हसू ओसरल्यावर सारिका हळूच म्हणाली, "आणि शेठनं बुकिंगच रद्द केलं तर?"

माधुरीनं तव्यावरची भाकरी उलटली. "तर पुन्हा चिखल काढीन."

हे बोलणं सोपं नव्हतं. दुसरा मजला तिला दिसायला लागला होता, भांड्यांचं फडताळ कुठं लावायचं तेही ठरलं होतं. तरी ती फ्लॅट घेतलेल्या बायकांकडे घरोघर फिरली.

करारनाम्याच्या दिवशी महाडच्या नोंदणी कार्यालयात तिचं नाव पुकारलं गेलं. माधुरीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नकाशा बदला, मग सही."

"माधुरी, लोक बघतायत," सुनील दातओठ खात म्हणाला.

"बघू देत. घर माझ्या नावावर घेतलंत ना? मग मला विचारा."

पुढचं नाव सारिकाचं. "माझा अंगठा दुखतोय," ती म्हणाली. तिच्यामागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि बाकावरून हलल्या नाहीत. नवरे बाहेर चहाच्या टपरीवर जमून, ही सूट घ्यायची अक्कल आधी कुणी काढली यावरून भांडत राहिले. नावं बदलावीत, तर सूट जाते. तेवढं कुणालाच सोसणार नव्हतं.

शेठनं आदळआपट केली, फ्लॅट दुसऱ्यांना विकायची धमकी दिली. पण एवढी गिऱ्हाइकं एकदम सोडणं त्यालाही जड होतं. अखेर निषाद नवा नकाशा घेऊन आला. दुकानं मागं सरकली, गाड्या मागच्या अंगाला गेल्या, माधुरीची गॅलरी मात्र निम्मी झाली. आंबे राहिले. फणस फाटकाच्या तोंडावर येत होता, तो गेला. त्या दिवशी खानावळीत आमटी पार अळणी होती. कुणी चकार शब्द काढला नाही.

आता माधुरी दुसऱ्या मजल्यावर राहते. परवा भर उन्हात सुनीलनं मोटरसायकल मागं न नेता आंब्याखाली लावली.

"जावयबापू, गाडी सरकवा. ही माझी बसायची जागा हाय," सगुणाबाई म्हणाली.

सुनीलनं वर पाहिलं. एवढ्याशा गॅलरीत माधुरी पापड वाळत घालत होती.

"सरकवा हो," ती म्हणाली.

त्यानं सरकवली.