यादीत नसलेली शाळा

पट्टी सागवानी होती. तिच्या एका कडेला पितळेचा पत्रा ठोकलेला होता. बाईसाहेबांनी तीच कड माझ्या बोटांवर आणली. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या फटक्याला मधल्या बोटाचे नख उभे फाटले.

माझा गुन्हा असा, की मी बाहुलीला हात लावला होता.

गिरगावातल्या त्या परिचारिकांच्या शाळेत एक बाहुली होती. बाईएवढी उंच, कापडात भुसा भरलेली. बाळंतिणीला पोटपट्टा कसा बांधावा, हे तिच्यावर शिकवीत. बाईसाहेब त्या शाळेच्या संस्थापक आणि मुख्य शिक्षिका. त्यांनी विचारले, "कोण बांधून दाखवील?" दुसरे कोणी उठले नाही. मी उठले.

"हे माशांचे हात," पट्टी रुमालाने पुसत बाईसाहेब म्हणाल्या. "भुशात वास शिरला की जात नाही. तू मोरीवर जा. भांडी तुझी."

बाकांवर अकरा जणी होत्या. सगळ्या मोठ्या घरच्या. एकीने पदर नाकाला लावला. दुसरी म्हणाली, "अगं, हिला गच्चीवर वाळत घाला. सुकट तरी होईल." वर्ग हसला. बाईसाहेबही हसल्या.

मी मोरीवर गेले. बोट पाण्यात धरले. पाणी लाल झाले. त्याच पाण्याने मी भांडी घासली.

मी वरळीच्या कोळीवाड्यातली. आय डोक्यावर टोपली घेऊन लालबाग-परळच्या चाळींत मासळी विकीत असे. मी शिकले आणि दादरच्या एका मुलींच्या शाळेत मदतनीस शिक्षिका झाले. तेथे दोन पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. कोळणीने गिरवून दिलेले अक्षर त्यांना नको होते. मला वाटले, आजारी माणूस जात विचारणार नाही. सरकारी इस्पितळांना देशी परिचारिका हव्या आहेत, असे सगळीकडे बोलले जात होते. म्हणून मी परिचारिकांची शाळा शोधायला निघाले.

ती कशी निवडली, हे नीट सांगते. माझी चूक तेथेच आहे.

शिक्षिकेला शाळा पारखण्याची एकच रीत ठाऊक असते. आमच्या शाळेत वर्षातून एकदा डेप्युटीसाहेब तपासणीला येत. मुलींना प्रश्न विचारीत, हजेरीपट पाहत, आणि जाताना शेरेबुकात आपला शेरा लिहीत. शेरा वाईट आला तर शाळा बसे. त्यामुळे शेरेबुक दिसले की आमची मान आपोआप लवते. गिरगावातल्या त्या दिवाणखान्यात, मेजावर, एक जाडजूड शेरेबुक ठेवलेले होते. मखमली पुठ्ठा, सोनेरी अक्षरे. मी ते पाहिले आणि उघडले नाही. एवढ्या जाड पुस्तकात अधिकाऱ्यांचे शेरे असणारच, असे मी धरून चालले. बाके सरळ रेषेत होती. फळा काळाभोर होता. मुली धडा एका सुरात म्हणत होत्या. मला आणखी काय हवे होते?

आयने विचारले होते. "त्या बायकडं आजारी मानसं किती हायेत गो?"

"आय, ती शाळा आहे. इस्पितळ नाही."

"मंग शिकनार कोनावर? मावरं घेताना गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतंय. तू साळंचा कल्ला उघडलास का?"

मी हसले. अक्षरशत्रू बाई, असे मनात म्हटले. तोही एक अपमानच, आणि तो मी केलेला.

दोन वर्षे मी त्या मोरीवर काढली. वर्गात मला दाराशी बसायला जागा होती. तेथून मी सारे धडे पाठ केले. 'प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबत नसेल, तर गर्भाशयावर हाताने दाब द्यावा.' हे वाक्य मी अडखळल्याशिवाय म्हणत असे. दोन वर्षांत मी एकही बाळंतपण पाहिले नाही. बाकांवरच्या अकरा जणींनीही पाहिले नाही. पण त्यांचे त्यावाचून काही अडत नव्हते. त्यांना दाखला दिवाणखान्याच्या भिंतीसाठी हवा होता. सोयरिकीच्या बोलण्यात तो शोभून दिसे. मला त्या दाखल्यावर कोणाचा तरी जीव हातात घ्यायचा होता.

परीक्षा बाईसाहेबांनी घेतली. बाईसाहेबांनीच तपासली. सहीही त्यांचीच. मी पहिली आले. दाखला त्यांनी माझ्या ओंजळीत वरून टाकला, बोटाला बोट लागू न देता.

तो घेऊन मी परळच्या एका सरकारी इस्पितळात गेले. कारकुनाने कागद उजेडात धरला, मग एक छापील यादी काढली आणि वरून खाली बोट फिरवले.

"ही शाळा यादीत नाही, बाई."

"कसली यादी?"

"सरकारमान्य शाळांची. कागद मात्र उत्तम आहे. असे येतात आमच्याकडे. मागची बाजू कोरी असते, टिपणाला बरी पडते."

शेजारी मुख्य परिचारिका उभ्या होत्या. गोऱ्या; मराठी मोडके, पण नेमके. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुझा हातात किती बाळंतपण?"

"एकही नाही. पण मी परीक्षेत पहिली आले आहे."

"मग तू परिचारिका नाही. तू पाठ म्हणणारी." त्यांनी आतल्या खाटांकडे बोट केले. "इथे शिक. पहिला वर्षापासून."

पुन्हा पहिल्यापासून? पुन्हा मोरी? मी कागद उचलला आणि बाहेर पडले. माझा गर्व त्या दिवशी माझ्या अज्ञानाहून मोठा होता. घरी मी काही सांगितले नाही. आयने दाखला चौकटीत बसवून भिंतीला लावला, आणि मासळी विकता विकता चाळीचाळीत सांगितले, की माझी लेक सर्टिफिकीटवाली झाली.

एका दुपारी लालबागच्या चाळीतून एक बाई धावत आली. मूळची मालवणकडची, मुलगा गिरणीत कामाला. तिची सून जानकी बाळंतपणात अडली होती.

"बाय गो, चल बेगीन. तुझ्या आवशीन सांगल्यान, तू शिकलंस म्हणान."

मला येत नाही, एवढेच बोलायचे होते. तीन शब्द. मी बोलले नाही. मी पातळ बदलले आणि गेले.

खोलीत एक म्हातारी सुईण जानकीचे पाय धरून बसली होती. मी तिच्या हातांकडे पाहिले. नखांत हळद, तळव्यांना भेगा. "हे अडाणी हात इथे नकोत," मी म्हणाले. "बाहेर हो." बाईसाहेबांचा आवाज माझ्या तोंडून निघाला, तसाच्या तसा. सुईण उठली. शिकलेल्या बाईपुढे ती काय बोलणार?

मूल आपोआप झाले. मुलगी. रडली. त्यात माझे काही नव्हते.

मग रक्त आले. आधी गोधडीत मुरले. मग गोधडी भरली आणि ते जमिनीवरून उंबऱ्याकडे निघाले. मला वाक्य आठवले. गर्भाशयावर हाताने दाब द्यावा. मी जानकीच्या पोटावर हात ठेवला. सगळीकडे सारखेच मऊ लागले. कुठे? बाहुलीच्या पोटात भुसा होता. तोही मला कधी दाबू दिला नव्हता. मी दाबले. भलत्याच जागी दाबले. रक्त वाढले.

"बाय, थंडी लागता गो," जानकी म्हणाली. "काय करतंस तू?"

मी काय करत होते? मी धडा म्हणत होते. मोठ्याने. वर्गात म्हणत असे तसा, स्वल्पविरामाला थांबून.

सासूने किंकाळी फोडली. सुईण आत घुसली, तिने मला खांद्याने बाजूला फेकले, जानकीच्या बेंबीखाली मूठ रोवली आणि तेथला गर्भाशयाचा गोळा पकडून चोळू लागली. पहिल्या खेपेला सापडला तिला. रक्त थांबले. पण जानकीत आता काही उरले नव्हते. गिरणीचा भोंगा झाला, तिचा नवरा घरी यायला निघाला असेल, त्या सुमारास ती गेली.

सासूने माझे केस धरले आणि डोके दाराच्या चौकटीवर आपटले. "तुका येता का नाय, ता आधी सांगूचा होता! भिंतीर कागद लावून बसलंस, रांडे!" चाळीच्या बायका जमल्या. लाथा बसल्या, पायताणे बसली. कोणीतरी पाटा उचलला, कोणीतरी तो हिसकावून घेतला. माझा पुढचा दात तुटला. जिन्यावरून मला ओढत खाली आणले आणि गटाराशी टाकले. मी हात वर केला नाही.

तो मार माझा होता. तो मी नाकारला नाही. आजही नाकारीत नाही.

पण गटाराशी पडल्या पडल्या एक प्रश्न माझ्या डोक्यात सरळ उभा राहिला. हा मार मी खाल्ला, कारण मी अपराध केला होता. मग दोन वर्षे बाईसाहेबांचा मार मी कशासाठी खाल्ला? बाहुलीला हात लावला म्हणून. शिकायला गेले आणि शिकू पाहिले म्हणून. ज्या बोटांना त्यांनी पोट कुठे दाबायचे ते शिकू दिले नाही, त्याच बोटांच्या नावे त्यांनी दाखला लिहून दिला. जानकीला मी मारले. पण मला तिच्या खोलीत त्या कागदाने पोहोचवले होते.

आठव्या दिवशी गिरगावात नव्या प्रवेशांचा समारंभ होता. गुलाबपाणी, हार, परातीएवढ्या रुंद पगड्या घातलेले पाहुणे. पंधरा-वीस नव्या मुली. त्यांत दोघी साध्या लुगड्यातल्या, पाय अनवाणी. मी आत गेले. ओठ सुजलेला होता. बाईसाहेबांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ही पाहा आमची कोळ्यांची मुलगी. मासळीच्या टोपलीतून उचलली आणि पहिल्या नंबरात आणली. अशांचाही उद्धार इथे होतो."

टाळ्या पडल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांपासून लांब उभी राहा."

मी मेजाशी गेले, शेरेबुक उघडले आणि शिक्षिकेच्या आवाजात वाचू लागले. "फुलांची आरास मनोहर. मुलींनी स्वागताचे पद गोड म्हटले. चिवडा रुचकर होता." पाने उलटत गेले. शेठ, संस्थानिक, वकील. तपासणीला आलेला एकही डॉक्टर नाही. एकही नाही.

मग बाहुलीला उचलून मेजावर आडवी टाकली. फुलदाणी फुटली.

"बाळंतिणीचे रक्त थांबत नाही," मी म्हणाले. "दाखवा, बाईसाहेब. कुठे दाबायचे?"

त्या बाहुलीकडे पाहत राहिल्या. त्यांचा हात पुढे आला नाही. तेव्हा मला कळले. त्यांनाही ठाऊक नव्हते.

"लालबागची जानकी मेली," मी म्हणाले. "तुमचा दाखला होता माझ्याकडे."

पट्टी माझ्या तोंडावर बसली, तुटलेल्या दातावरच. तोंड रक्ताने भरले. दुसऱ्या खेपेला ती हवेत असतानाच मी पकडली. पिरगाळून काढून घेतली. मेजाच्या कडेवर आपटली, दोनदा. सागवान दुभंगले, पितळेचा पत्रा लोंबू लागला. ती धार मी त्यांच्या गालाशी नेली. मारावेसे वाटले, खोटे कशाला बोलू? मारले नाही, कारण मला रक्त नको होते, उत्तर हवे होते. ते त्यांच्याकडे नव्हते.

"मी तुमच्याकडून आणखी एक फटका खाणार नाही," मी म्हणाले. "आणि तुमचा दाखलाही वापरणार नाही."

दरवानाने मला जिन्यावरून ढकलले. मी सात पायऱ्या खाली गेले. अनवाणी पायांच्या त्या दोघींपैकी एक मागोमाग उतरली.

"ताई, मग जायचं कुठं? आम्हांला कोण सांगणार?"

पदराने तोंड पुसत मी तिला सांगितले. शाळेत पाऊल टाकण्याआधी सरकारची यादी पाहा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शाळेला इस्पितळ जोडलेले आहे का, तेथे खाटांवर माणसे आहेत का, आणि त्या माणसांना तुझे हात लागू देतात का, हे विचार. परीक्षा घेणारा बाहेरचा आहे की शिकवणारीच परीक्षा घेते, हेही विचार. विचारल्यावर जी शाळा रागावेल, तेथून उलट पावली परत ये. हे मला कोणी सांगितले नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. सांगितले होते. मी ऐकले नाही.

परळच्या इस्पितळात मी पहिल्या वर्षापासून शिकले. बाहेरच्या डॉक्टरांनी परीक्षा घेतली. आता माझ्या मुठीला तो गोळा सापडतो. याला मी यश म्हणत नाही. ते जानकीनंतर आले.

गिरगावातली शाळा चालू आहे. प्रवेशाच्या दिवशी मी तिच्या जिन्याच्या तोंडाशी उभी राहते. दरवान ढकलतो. मी उठते आणि पुन्हा उभी राहते.

सरकारकडे मी अर्ज केला आहे, की मान्यता नसलेल्या शाळेला परिचारिकेचा दाखला देण्याची मनाई व्हावी. अर्जाची पहिली ओळ अशी: 'लालबागच्या चाळीत जानकी नावाची बाळंतीण माझ्या हातून मेली.' अर्ज लिहून देणारा म्हणाला, "बाई, ही ओळ काढा. स्वतःच्या गळ्यात फास कशाला घालता?" मी ती काढली नाही. अर्ज दोनदा परत आला आहे. तिसरा लिहीत आहे. पहिली ओळ तीच राहील.

मला धरून न्यायचे असेल तर खुशाल न्यावे. मग चौकशी करावी लागेल. चौकशीत विचारावे लागेल, की या बाईला परिचारिका कोणी ठरवले.

मी नाव सांगेन.