उपासाला चालत नाही म्हणून…

खंडेनवमीची सकाळ. आमच्या बंगळूरच्या येलहंक्यातल्या गल्लीत धुतलेल्या रिक्षा झेंडूच्या माळा घालून ओळीनं उभ्या होत्या. एकानं कुंकू भरलेला कोहळा रस्त्याच्या मधोमध फोडला आणि मी गॅलरीतून ओरडले, "स्वल्प बाजूला फोडा की रे, माणसं घसरतील!" तेवढ्यात फोन वाजला. विमलचा अजित होता. "मावशी, आई गेली…" मी काय म्हणावं? मी म्हटलं, "असं कसं, तिचा उपास सुटायचाय अजून." आता दीड महिना होत आला. रडणं रडून झालं. उरलाय तो संताप, आणि तो गिळून बसायचं माझं वय नाही.

विमल आणि मी चाळीस वर्षांच्या शेजारणी. दोघींचे नवरे एकाच सरकारी कारखान्यात. ती निपाणीकडची, मी बेळगावची. बोलताना मराठी कुठं संपलं आणि कन्नड कुठं सुरू झालं ते आम्हालाही कळायचं नाही. तिनं जन्मात कधी शिंप्याकडून ब्लाऊज शिवून घेतलं नाही. हातमशीन होती तिची, खडखड वाजणारी. प्रत्येक ब्लाऊजच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडायची. "माणूस काय एकाच मापाचं राहतंय व्हय, कुसुमक्का?" म्हणायची. लग्नात बारीक, बाळंतपणात जाड, सगळी मापं त्या दोन बोटांत बसवायची.

दोन वर्षांपूर्वी तिचे मालक गेले आणि बाई अर्ध्या भाकरीवर आली. ब्लाऊज आत घेत घेत दोन बोटांची चार बोटं झाली. त्यात विसरायला लागली. दूध गॅसवर ठेवून गच्चीवर जायची, हातातल्या कढीपत्त्याचं नाव आठवायचं नाही. आता सत्तरीत हे कुणाचं होत नाही? पण तिच्या थोरल्या बहिणीनं शेवटी पोटच्या पोराला "आपण कोण?" विचारलं होतं आणि ते विमलनं तिच्या उशाशी बसून ऐकलं होतं. मला म्हणाली, "मरायचं भ्या नाही मला. अजितला 'कोण तुम्ही' म्हणायचं भ्या आहे." ह्या भीतीवरच पुढचं सगळं दुकान चाललं बघा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला (आम्ही सगळ्याजणींना बोलावतो, नवरा असो नसो) आमच्या मंडळातल्याच एक बाई डबे घेऊन आल्या. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना पुरतं कळेल. हिरव्या झाकणाचा डबा बुद्धीसाठी, पिवळ्या झाकणाचा वजनासाठी. वर पानाफुलांचं चित्र, आत काय आहे विचाराल तर "निवडक वनौषधी". कुठल्या वनातल्या, कुणी निवडल्या, अक्षर नाही. "झाडपाल्याचं आहे हो, गुण आला नाही तरी अपाय काही नाही," हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या! आईला न्यायला आलेला अजित म्हणत होता, "आई, आधी डॉक्टरांना दाखवू, रक्त तपासू." तर मीच… हो, मीच त्याला म्हटलं, "तुम्हा महादेवपुऱ्याच्या आयटीवाल्यांना पाणी प्यायलासुद्धा रिपोर्ट लागतो." सगळ्या हसल्या. विमलही हसली आणि तिनं दोन्ही डबे घेतले.

आणि गुण आला की! महिनाभरात भूक लागायला लागली, गाल वर आले, पुढं तर तोंड पुरणपोळीसारखं गोल झालं. विमल ब्लाऊजच्या शिवणी उसवत बसली, खुशीत. आम्ही सगळ्या म्हणायचो, तब्येत किती छान झालीय. हातावर निळे डाग उठायचे. म्हटलं, बांगडी लागली असेल. तोंड सुजलं होतं तिचं, आणि आम्ही दृष्ट काढत होतो.

नवरात्र आलं. घटाच्या आदल्या दिवशी पिवळा डबा माझ्यासमोर धरून म्हणाली, "कुसुमक्का, हुंग. गव्हाच्या सत्त्वाचा वास येतोय. चालतंय का उपासाला?"

मी हुंगलं. "धान्य आहे गं त्यात. नऊ दिवस नको घेऊ. देवी रागवायची नाही, पण तूच नंतर मनाला लावून घेशील."

"सरी, नाही घेत," म्हणाली, आणि डबा फळीवर वर ठेवला.

चौथ्या दिवशी तिला उभं राहवेना. पाचव्या दिवशी उलट्या. आम्ही काय म्हणालो? पित्त झालं. वय झालं, उपास झेपत नाही. मी लिंबाचं सरबत केलं, चांगलं सैंधव घालून. सातव्या दिवशी न्हाणीच्या दारात पडली तेव्हा कुठं दवाखान्यात नेली. तिथं विचारलं, औषधं काय चालू आहेत? अजित म्हणाला, रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही. मी शेजारीच उभी होते. मीही मान हलवली. खोटं नव्हतो हो बोलत आम्ही! झाडपाल्याला औषध म्हणतात, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिनं विमलचे ते निळे डाग पाहिले होते, गोल तोंड पाहिलं होतं. कन्नडमध्ये मला म्हणाली, "अम्मा, नीट आठवा. पूड, काढा, चूर्ण… काहीतरी महिनोन् महिने घेत होत्या आणि अचानक बंद केलं, असं झालंय का?" मी पिवळ्या डब्याचं सांगितलं. तिनं लगेच इंजेक्शनं सुरू केली, पण शरीर दमून गेलं होतं. नवमीला सगळं आटोपलं.

अजितनं पिवळा डबा तपासायला दिला. पुडीत स्टेरॉइड निघालं. डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं: ते बाहेरून रोज मिळत राहिलं की शरीर आपलं स्वतःचं करायचं सोडून देतं. मग एके दिवशी बाहेरचं थांबलं की माणूस कोसळतं. हे थांबवायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. आणि मी तिला नऊ दिवस बंद करायला लावलं, उपासाला चालत नाही म्हणून.

तेराव्याला त्या बाई आल्या. पांढरी साडी, डोळ्याला पदर. अजितला म्हणाल्या, "मध्येच कोर्स थांबवला ना, तिथं चुकलं. मी सांगितलं होतं, खंड पाडू नका." मी ताटावरून उठले. म्हटलं, "अक्का, खंड पाडला तर माणूस मरतंय हे ठाऊक होतं तुम्हाला? मग झाडपाला कशाला म्हणालात?" बाई म्हणाल्या, त्या फक्त विकतात, करणारे वेगळे. करणाऱ्यांचा पत्ता? तो नाही. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तर विचारलं, बिल कुठंय? हळदीकुंकवात बिल कोण मागतं सांगा!

त्या रात्री मला विमलपेक्षा बाकीच्या दिसायला लागल्या. मंडळात अजून किती जणींची तोंडं गोल आहेत… दुसऱ्या दिवसापासून काठी टेकत घरोघर जातेय. सगळ्यांना एकच सांगते: डबा फेकू नका, आज एकदम बंदही करू नका, उद्या सकाळी डब्यासकट डॉक्टरांकडे जा. एकीनं दार लावून घेतलं, म्हणाली, दुःखानं तुमचं डोकं फिरलंय. लावू दे. मी परवा पुन्हा गेले. चौघी जाऊन आल्या, आणि दोघींचे डबे डॉक्टरांनी ठेवून घेतले.

अजितनं आईची मशीन माझ्याकडं आणून ठेवली. तिच्या पेटीत एक मोरपंखी ब्लाऊज निघालं, दसऱ्याला घालायचं म्हणून सैल करायला घेतलेलं. उजवी बाजू उसवून पुन्हा शिवलेली, डावी तशीच. आतल्या कापडावर जुन्या शिवणींच्या भोकांच्या तीन रांगा आहेत: नवरा होता तेव्हाची, तो गेल्यानंतरची, आणि पिवळ्या डब्याची. डाव्या शिवणीत सुई अजून टोचलेली आहे. ती मी काढलेली नाही. सकाळी घरोघर जायला निघताना ते ब्लाऊज पिशवीत घालते, आणि ज्या दारात माझं ऐकत नाहीत, तिथं उलटं करून त्या बाईच्या हातात देते.